पोळी : अंदाजाने म्हणजे किती?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला सभेत बोलण्याची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चिटणीसबाईंनी आग्रह धरला तेव्हा मी म्हटले, "बाई, मला पोळ्या करता येतात, दुसरे काय येते?" त्या म्हणाल्या, "मग त्यावरच बोला." आज फळ्यावर विषय लिहिला गेला तेव्हा मागच्या रांगेत थोडे हसू झाले, ते मी ऐकले. हसण्यासारखेच आहे. तुमच्यातील बहुतेक जणी सकाळी वीस-पंचवीस पोळ्या करून इथे आल्या आहात. तुम्हांला पोळी सांगणे म्हणजे आजीजवळ आजोळच्या गोष्टी सांगणे होय.

पण मला पोळी येत नव्हती. लग्न होऊन या गावात आले तेव्हा मुळीच येत नव्हती. ती मी कशी शिकले, हे पहिल्याने सांगणार आहे. दुसरे सांगायचे आहे ते पोळीवरूनच माझ्या हातून एक चूक घडली त्याविषयी. ते सांगणे जड आहे, म्हणून ते शेवटी ठेवते.

माझे माहेर लातूर जिल्ह्यातले, अहमदपूर तालुक्यातले. शेती कोरडवाहू. घरात ज्वारीच्या कणगी भरलेल्या असत, आणि गहू मात्र एका डब्यात मावे इतका. रोज भाकरी, आणि पोळी सणाला. पोळी म्हटले की आम्हां मुलांना पुरणाचीच आठवे, कारण साधी पोळी करण्याचा प्रसंगच येत नसे. गव्हाला पाणी लागते. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याच्या ताटात पोळी, असा तो हिशेब होता.

माझी आई १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगत असे. ती तेव्हा लहान होती. आजीबरोबर खडी फोडण्याच्या कामावर जाई. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे आणि मुलांच्या हातावर सुकडी पडे. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, पण तीच मिळावी म्हणून रांगेत उभे राहावे लागे. आई म्हणे, "घरच्या ज्वारीला कधी नाव ठेवू नका." पुढे विहिरी झाल्या, कालवे झाले, गव्हाची नवी वाणे आली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त झाले आणि आमच्यासारख्यांच्या घरी पोळी रोजची झाली. आता चक्र उलटे फिरले आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि शहरातली माणसे ज्वारीचे पीठ औषधासारखे शोधत फिरतात. असो.

सांगायचे इतकेच की, माझा हात भाकरीचा. आठव्या-नवव्या वर्षापासून मी भाकरी थापत आले. ज्वारीच्या पिठात ऊन पाणी घालावे, एका भाकरीपुरते पीठ मळावे आणि लगेच थापावे. मळून ठेवले की भाकरीच्या कडा चिरतात. पीठ जुने असले की विरी गेलेली असते, मग कितीही मळा. हे सगळे मला येत होते, आणि एवढ्या शिदोरीवर मी माहूरला आले.

आपल्या गावात नवरात्र म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. गडावर रेणुकामातेच्या दर्शनाला लांबलांबहून माणसे येतात, आणि गावात ज्याचे घर त्याच्या घरी पाहुणे उतरतात. माझे पहिलेच नवरात्र. घरात पंधरा माणसे जेवायची होती. सासूबाई नैवेद्याच्या पुरणात गुंतलेल्या. मला म्हणाल्या, "तू साध्या पोळ्या टाकून घे."

मी भाकरीच्या रीतीने पोळ्या केल्या. कणीक घट्ट मळली. मळल्याबरोबर लाटायला घेतली. ती आक्रसू लागली तशी जोर लावला. चिकटेल म्हणून भरपूर पिठी लावली, आणि भाकरीसारखी खमंग व्हावी म्हणून मंद आचेवर सावकाश भाजली. वाढायला गेले तो पोळी ताटात वाकेना. मुलांनी दातांनी ओढून पाहिली. पंगतीत एक वयस्कर पाहुण्या बसल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "सुनेच्या माहेरी गहू सणालाच दिसत असेल." सगळी पंगत हसली. बोलणे खरे होते, म्हणून अधिक लागले. मी मोरीपाशी जाऊन तोंडावर पाणी मारीत उभी राहिले, म्हणजे रडू कोणाला दिसू नये.

त्या रात्री पाहुणे निजल्यावर सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावले. समजूत घातली नाही, रागावल्याही नाहीत. पोळपाटाशेजारी कणकेचे दोन उंडे ठेवले होते. म्हणाल्या, "हा आत्ता मळला आहे, आणि हा अर्ध्या तासापूर्वी. दोन्ही एकाच परातीतले पीठ. लाट." पहिला लाटला, लाटणे उचलले की तो पुन्हा आखडे. दुसरा लाटला तो लाटण्याखाली आपण होऊन पसरत गेला. सासूबाई म्हणाल्या, "ज्वारीला थांबवायचे नसते. गव्हासाठी आपण थांबायचे असते. तुला ज्वारी येते, तर गहूही येईल." एवढेच बोलून त्या निजायला गेल्या. पोळीचे अर्धे शास्त्र मी त्या दहा मिनिटांत शिकले.

याचे कारण पुढे माझ्या मुलाच्या शाळेच्या पुस्तकात सापडले. गव्हात एक चिवट प्रथिन असते, त्याला ग्लूटेन म्हणतात. ज्वारीत ते नसते. आपण कुरड्यांसाठी गहू तीन दिवस भिजवतो, वाटतो आणि चीक काढतो. खाली बसतो तो पांढरा चीक म्हणजे गव्हातले पिठूळ सत्त्व. चोथ्यात कोंड्याबरोबर जे रबरासारखे हाताला लागते ते हे प्रथिन. कणकेचा लहान गोळा पाण्याच्या वाडग्यात धरून दाबत राहा. पाणी पांढरे होईल आणि शेवटी बोटांत एक ताणणारा चिवट तुकडा उरेल. ज्वारीचा गोळा तसाच पाण्यात धरा, तो विरघळून जाईल. म्हणून भाकरी थापावी लागते आणि पोळी लाटता येते. मळताना या प्रथिनाचे धागे ताणले जातात. विसावा मिळाला की ते सैलावतात, आणि कोंडाही तोवर पाणी पिऊन मऊ होतो.

आता मापाविषयी. आपल्या घरात माप कोणी सांगत नाही. "अंदाजाने घाल" म्हणतात. मीही पुष्कळ वर्षे तेच म्हणत आले. माझी भाची लग्नानंतर अमेरिकेत टेक्सास राज्यात गेली. तिने फोन करून विचारले, "मावशी, कणकेत पाणी किती?" मी म्हटले, "अंदाजाने." ती म्हणाली, "मावशी, अंदाजाने म्हणजे किती? मला तो अंदाज असता तर तुला फोन कशाला केला असता?" मी फोन ठेवला आणि किराणा दुकानातून काटा मागून आणला. आयुष्यात प्रथमच माझी पोळी मोजली. ते माप तुम्हांला सांगते. तुम्हांला नको असेल, पण तुमच्या मुलामुलींना लागेल.

पहिल्याने गहू. दाणा भरलेला आणि एकसारखा पाहून घ्यावा. रोजच्या पोळीला शरबती चांगला. लोकवनही चांगला, हे वाण गुजरातेत सणोसरा येथील लोकभारती संस्थेत निपजले आणि तिच्याच नावावरून लोक-१ म्हणून ओळखले जाते. बन्सी गहू कठीण व पिवळसर, तो रव्याला आणि शेवयांना सरस. खपली खिरीला. गहू निवडून, पाखडून गिरणीत द्यावा, आणि आधी डाळ दळलेली असेल तर थोडे थांबावे. दळण गरम येते. ते तसेच डब्यात कोंडू नये, पसरून निवू द्यावे, नाहीतर आतल्या आत घाम धरते. एका वेळी पंधरा दिवसांपुरतेच दळावे, पावसाळ्यात त्याहून कमी. सबंध गव्हाच्या पिठात अंकुराचे तेल असते, त्याने पीठ खवट होते. मैद्यात कोंडाही नसतो आणि अंकुरही नसतो, म्हणून तो टिकतो. कणीक चाळावी, पण कोंडा फेकू नये. नुसता कचरा काढावा.

आठ पोळ्यांना पाव किलो कणीक घ्यावी. त्यात दोन चिमटी मीठ, एक लहान चमचा तेल. पाणी दीडशे ते एकशे पासष्ट मिलिलिटर, म्हणजे चहाचा साधारण एक मोठा कप. गहू नवा-जुना असेल तसा थोडा फरक पडतो, म्हणून शेवटचे दोन-तीन चमचे हात राखून घालावे. परातीत सात-आठ मिनिटे मळावे. बोट दाबले तर खळगा पडावा, पण बोटाला कणीक येऊ नये. मग वरून तेलाचा हात फिरवून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावी. घाई असेल तर वीस मिनिटे, त्याहून कमी नको.

मग पुन्हा थोडी मळून आठ सारखे उंडे करावे. एक उंडा पुरीएवढा लाटावा, बोटाने तेल लावावे, चिमूटभर पिठी भुरभुरावी, अर्धी घडी घालावी. पुन्हा तेल, पुन्हा पिठी, आणि पाव घडी. या घडीनेच पोळीला पदर सुटतात. आता पिठीत बुडवून, झटकून, कडांकडे लाटत न्यावे. मध्यभागी जोर दिला की कडा जाड राहतात, आणि जाड कडा कच्च्या राहतात. पिठी जितकी कमी तितकी पोळी मऊ, कारण सुके पीठ तव्यावर जळते आणि पोळीचा ओलावा ओढून घेते.

तवा लोखंडी असावा आणि आच मध्यमाहून थोडी मोठी. तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो चर्र होऊन लगेच उडावा. पोळी टाकावी, बारीक पुटकुळ्या दिसल्या की उलटावी. दुसऱ्या बाजूला तपकिरी ठिपके आले की पुन्हा उलटावी आणि फडक्याने कडांशी हलकेच दाबावे, म्हणजे फुगते. थोडे तूप किंवा तेल, आणि उतरावी. एक पोळी दीड-दोन मिनिटांत व्हावी. मंद आचेवर रेंगाळली की वातड होते, ही माझी पहिल्या नवरात्रातली चूक. तव्यावरून काढल्यावर दोन्ही तळव्यांत धरून हलकी टाळी द्यावी, पदर मोकळे होतात. वाफ जाईपर्यंत टोपलीत फडक्यावर ठेवावी आणि मग डब्यात. गरम पोळी डब्यात झाकली तर स्वतःच्याच वाफेने चिंब होते.

पुरणपोळीलाही हाच नियम, फक्त पुढे नेलेला. कणीक सपिटाची, सैल, तेल घालून चांगली तिंबलेली, आणि दोन तास मुरलेली. तिला स्वतःपेक्षा जास्त पुरण पोटात धरायचे असते, म्हणून तिला विसावाही जास्त लागतो.

हे सारे मी भाचीला लिहून पाठवले. तिने पोळ्या केल्या आणि त्यांचे फोटो पाठवले. पहिल्या दिवशीचा फोटो पाहून हसू आले, आठव्या दिवशीचा पाहून डोळ्यांत पाणी आले. तिने मला एक नवी गोष्टही सांगितली. तिकडे दुकानात पोळीसारखीच गोल चकती पाकिटात मिळते, तिला टोर्टिया म्हणतात. पोळी करायला वेळ नसला की आपल्याकडची पुष्कळ कुटुंबे तीच भाजीबरोबर खातात. ही टोर्टिया मूळ मेक्सिको देशाची. तिथले जुने धान्य मका. तो चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून, हातावर थापून त्याच्या भाकरी करीत, आणि अजूनही करतात. गहू तिथे सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर गेला, आणि उत्तरेकडच्या भागात गव्हाची टोर्टिया रुजली. पाहा, त्यांचा मका तशी आपली ज्वारी, आणि गहू दोन्हीकडे मागाहून रोजचा झाला. तिथल्या सोनोरा प्रांतात बायका ही टोर्टिया दोन्ही हातांवर झेलून झेलून मोठी पातळ करतात, अगदी खानदेशातल्या खापरावरच्या मांड्यांसारखी.

मी ती घरी करून पाहिली. पाव किलो मैदा, अर्धा चमचा मीठ, तीन मोठे चमचे तेल किंवा तूप. ते मैद्याला दोन्ही हातांनी चोळायचे, मग सुमारे सव्वाशे मिलिलिटर कोमट पाण्याने मळायचे आणि अर्धा तास झाकून ठेवायचे. घडी नाही. पातळ लाटून कोरड्या, चांगल्या तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी लवकर भाजायची. मुलांना आवडली. यांनी एक खाल्ली आणि विचारले, "पोळी कधी होणार?" पण तिथल्या बायकाही कणकेला अर्धा तास विसावा देतात, हे ऐकून मला सासूबाईंची आठवण झाली. त्यांना माहूरच्या पलीकडचे फारसे ठाऊक नव्हते, तरी जे ठाऊक होते ते साऱ्या जगात खरे होते.

आता दुसरी गोष्ट. जिच्याविषयी ती आहे, त्या भगिनीची परवानगी घेऊनच मी सांगत आहे.

गेल्या श्रावणात आपली अंगतपंगत होती. आमच्या शेजारी नव्याने राहायला आलेली एक तरुण सूनबाई प्रथमच आली. नोकरी करणारी, पुण्याकडची. प्रत्येकीने घरून काही आणले होते. तिने पोळ्या आणल्या होत्या, आणि डबा उघडल्यावर मला कळले की त्या पाकिटातल्या आहेत. मी सगळ्यांसमोर म्हटले, "पाकिटातल्या पोळीवर संसार होतो का गं?" तुम्हांला आठवत असेल. तुम्ही हसलात. मीही हसले. ती पण थोडी हसली. जेवली, भांडी विसळू लागली, आणि त्यानंतर मंडळात आली नाही.

माझ्या ते ध्यानातही आले नाही. कामात असेल असे वाटले. दिवाळीला फराळाचे ताट घेऊन मी तिच्या घरी गेले. दार तिच्या आईने उघडले. त्या पुण्याहून आल्या होत्या. ताट घेताना त्यांचा हात कापला, म्हणून मी पाहिले तो दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधलेल्या. मी विचारले, "लागले का?" त्या म्हणाल्या, "लागले नाही बाई, झिजले. एकवीस वर्षे पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटल्या. सकाळी दोनशे, संध्याकाळी दोनशे. घरी आल्यावर हात वर होत नसे, मग आम्ही मायलेकी पाव खायचो. मीच हिला सांगितले होते, लाटण्याला हात लावू नकोस, पुस्तकाला लाव."

भगिनींनो, मी तिथे खाली बसले. ज्या मुलीला पोळी येत नाही म्हणून मी हसले होते, तिचे सगळे शिक्षण पोळीवर झाले होते. आणि पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी ज्या बोलण्याने मी मोरीपाशी उभी राहून रडले, तेच बोलणे मी त्याच थाटात, तशीच पंगत बघून बोलले होते. तेव्हाची ती पाहुणी मला वाईट वाटत आली. आता तिच्या जागी मीच होते.

मी म्हटले, "माझे चुकले." मुलगी आतून आली. म्हणाली, "काकू, मला पोळी येत नाही हे खरेच आहे." मी म्हटले, "मलाही येत नव्हती." आणि पहिल्या नवरात्राची सारी हकीकत तिला सांगितली. ती तेव्हा खरी हसली.

पोळ्या विकून घरे उभी करणाऱ्या बायका आपल्या महाराष्ट्रात थोड्याथोडक्या नाहीत. मुंबईच्या गिरणगावात कामगारांसाठी खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. त्याच्याही आधी, १९५९ मध्ये, गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचे लिज्जत. लाटण्याने लेकरे शिकली, कर्जे फिटली. हे मी वाचलेले होते. पण शेजारच्या दारामागे तसे एक घर असेल, हे माझ्या मनात आले नाही.

त्या माउलीने मला चार दिवसांत जे शिकवले ते मला इतक्या वर्षांत कळले नव्हते. उंडे डोळ्यांनी न करता काट्यावर करावे. पन्नास ग्रॅमचा एक, म्हणजे सगळ्या पोळ्या एका मापाच्या होतात आणि एका वेळेत भाजतात. लाटताना मूठ आवळू नये. लाटणे तळव्याखाली सैल फिरू द्यावे आणि एका कडेला किंचित अधिक भार द्यावा, म्हणजे पोळी पोळपाटावर आपण होऊन फिरते, उचलून फिरवावी लागत नाही. आणि ओटा उंच असेल तर पायाखाली पाट घ्यावा. कोपर मनगटाहून वर राहिले पाहिजे, म्हणजे जोर खांद्यातून येतो. त्या म्हणाल्या, "मला हे पहिल्या वर्षी कोणी सांगितले असते तर मनगटे वाचली असती." तुमच्यापैकी ज्यांची मनगटे रात्री ठणकतात त्यांनी उद्या सकाळीच हे करून पाहावे.

सूनबाईही शिकली. तिचा नवराही शिकला, आणि त्याच्या पोळ्या तिच्याहून गोल होतात, हे त्या घरचे रोजचे भांडण आहे. मी माझ्या मुलालाही बसवले. तो आधी म्हणाला, "पोळ्या काय, लाटायच्या नि भाजायच्या." पहिल्या दिवशी चार पोळ्यांना त्याला पाऊण तास लागला. त्यानंतर ते वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा आले नाही.

शेवटी दोन विनंत्या करते आणि बसते. पहिली ही की, अंगतपंगतीला कोणी काय आणले, घरचे की विकतचे, हे इथून पुढे कोणी विचारू नये, आणि सर्वांत आधी मी विचारणार नाही. जी पाकीट घेऊन येते तिच्यामागे काय आहे ते आपल्याला ठाऊक नसते. दुसरी ही की, दिवाळीच्या सुट्टीत मंडळाने मुलामुलींचा आठ दिवसांचा पोळीचा वर्ग घ्यावा. मुलगे आलेच पाहिजेत. काटा मी आणीन. कणीक प्रत्येकाने घरून आणावी. आणि तिथे 'अंदाजाने' हा शब्द वापरायला बंदी राहील. अंदाज आईच्या पोटातून कोणी घेऊन येत नाही. तो कोणीतरी मोजून हातात द्यावा लागतो, मग तो आपला होतो.

वर्गाला लाटणे कसे धरावे हे दाखवायला पुण्याच्या त्या आजी येणार आहेत. त्या लाटणार नाहीत, नुसत्या बसून सांगणार आहेत. त्यांची लेक आज पहिल्या रांगेत बसली आहे, आणि सभेनंतर तुम्हांला चहाबरोबर जो पोळीचा लाडू मिळेल तो तिने काल रात्री स्वतः केलेल्या पोळ्यांचा आहे. दोन पोळ्या जरा करपल्या होत्या असे ती म्हणते. मला तर लाडवात ते कुठे कळले नाही.

रेणुकामाता आपल्या मंडळाला असेच भरभरून देवो.